बाटल्या भरण्यापूर्वी

नाताळासाठी घातलेल्या द्राक्षासवाची बरणी उघडताच आमच्या घरात कुजक्या अंड्यांचा दर्प पसरला. दहा किलो द्राक्षे! थोरली मावशी म्हणाली, "ओतून टाका." आम्ही ओतले नाही. पोषण अपुरे पडले की खमीर असा गंधकयुक्त वायू सोडते. तेवढ्याने आसव नासत नाही. तळचा गाळ न ढवळता वरचा रस आम्ही दुसऱ्या स्वच्छ बरणीत काठोकाठ उतरविला, वायू सुटण्यापुरतीच फट ठेविली व दोन आठवडे थांबलो. दर्प ओसरला. घाईने बुचे ठोकली असती, तर तो बाटल्यांतच कोंडला असता. शिरक्याचा वास मात्र निराळा. हवा लागून आसव आंबले, तर त्यावर इलाज नाही. ते विंदालूसाठीच ठेवावे, असे मावशीचेही मत आहे.