यंत्राचे आडनाव

गेल्या दिवाळीत अण्णांनी मला एक जुना लॅपटॉप आणून दिला. किंमत नऊ हजार. त्यातले दीड हजार एका हिरव्या स्टिकरचे! “आत एनव्हिडियाचं वेगळं कार्ड आहे,” असे दुकानदाराने सांगितले आणि अण्णांनी पैसे मोजले. घरी येईल त्याला ते स्टिकर दाखवीत. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते म्हणा.

मी पडलो मराठीचा विद्यार्थी. प्रकल्प टंकित करता आला म्हणजे पुरे. पण विंडोज त्या यंत्राला झेपेना. तेव्हा वसतिगृहातल्या विज्ञान शाखेच्या मित्राने फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली प्रणाली घालून दिली, आणि स्वारी गावी निघून गेली. (विज्ञानवाल्यांची ही सवयच!)

समोर काळा पडदा आणि पांढरी अक्षरे. चित्रे, खिडक्या हव्या असतील तर ‘एक्स’ बसवावे लागते. हे एक्स १९८४ साली एमआयटीत जन्मले. म्हणजे माझ्याहून वडीलच. ते बसवले, स्टिकरवर भरवसा ठेवून एनव्हिडियाचा ड्रायव्हर घातला आणि ‘स्टार्टएक्स’ अशी आज्ञा दिली. उत्तर आले, ‘नो स्क्रीन्स फाउंड’. डोळ्यांसमोर ढळढळीत पडदा असताना! तीन रात्री हाच संवाद चालला.

शेवटी मित्राला फोन केला. तो म्हणाला, “स्टिकर काय वाचतोस? यंत्रालाच विचार ना. ‘पीसीआयकॉन्फ’ लिही, पुढे एक आडवी रेघ आणि ‘एलव्ही’.”

यंत्रातल्या एकेका भागाची नोंद सरसर उमटली. प्रत्येकाला दोन क्रमांक: एक बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. म्हणजे आडनाव आणि नाव. आपल्याकडे नव्या माणसाला आधी आडनाव विचारतात, आणि ते कशासाठी, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते नि सांगणाऱ्यालाही. इथे निदान तसा हेतू नव्हता. एनव्हिडिया असती तर ‘१०डीई’ दिसायला हवे होते. मी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिले. पडद्याचे काम पाहणारी नोंद एकच होती, आणि तिचे आडनाव ‘८०८६’. हा इंटेलचा क्रमांक. १९७८ सालच्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचेच नाव त्यांनी पुढे मिरवले आहे. वेगळे कार्ड नव्हतेच. प्रोसेसरच्या पोटातलेच ग्राफिक्स तेवढे होते. ते स्टिकर कुठल्या यंत्रावरून सोलून आणले होते, देव जाणे.

पुढचे काम अर्ध्या तासाचे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढला, ‘डीआरएम-केमॉड’ बसवले, ‘आरसी डॉट कॉन्फ’ या फायलीत ‘आय९१५केएमएस’चे नाव लिहिले, स्वतःला ‘व्हिडिओ’ गटात घातले. यंत्र पुन्हा सुरू होताना पडदा एकदा लवला आणि जाडजूड अक्षरे एकाएकी बारीक, रेखीव झाली. ‘स्टार्टएक्स’ म्हटले. काही चौकटी आणि कोपऱ्यात एक घड्याळ! पहाटेचे पावणेचार वाजले होते.

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण नजर पुन्हा पुन्हा त्या हिरव्या स्टिकरकडे जात होती. दीड हजार म्हणजे अण्णांच्या किती दिवसांच्या जादा पाळ्या, याचा हिशेब मनात नको नको म्हणताना चालला होता.

सकाळी अण्णा चहाचा कप घेऊन डोकावले. उजळलेला पडदा पाहून म्हणाले, “काय रे, सापडलं का ते कार्ड?”

“सापडलं, अण्णा,” मी म्हणालो.