घसरगुंडी
मे महिन्यात पुण्यात माणसे आंबे खातात. आम्ही कोलोरॅडोत, अरापाहो बेसिनच्या बर्फावर, जवळजवळ अकरा हजार फुटांवर, आपटी खात होतो. मोसमाचे शेवटचे दिवस. लख्ख ऊन. गाड्यांच्या तळावर शेगड्या पेटलेल्या, पोरे अर्ध्या बाह्यांत; बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने माझे नाक खालूनही भाजलेले.

"बाबा, सकाळी बर्फ म्हणजे दगड, दुपारी लापशी. मधल्या वेळात सुटायचं!" इति चिरंजीव.

सुटलो. एका फळीवरची चिमुरडी सुळकन पुढे गेली; मी दोन फळ्या असून बसलो. मग चिरंजीवांनी मागून माझी कंबर धरली. लहानपणी मी त्याच्या सायकलचे सीट धरायचो, तश्शी.

"सोडू नकोस हं!" मी ओरडलो.

"नाही सोडत!" उत्तर बरेच वरून आले.

लबाड! पण सायकलच्या वेळी मी तरी दुसरे काय केले होते?