कोरडा जोड

पन्हाळ्याच्या राजदिंडीतून उतरून म्हाळुंग्याच्या वाटेला लागलं की तासाभरात माणूस भिजतोच. रेनकोट कितीही भारी असो. बाहेरून पाऊस, आतून घाम. जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड चालायला जे माझ्याबरोबर येतात, त्यांना मी निघण्याआधी एवढंच बजावतो: अंग भिजू द्या, पण सॅकमधला एक जोड कोरडा राहिला पाहिजे. पँट, शर्ट, मोजे आणि पातळ चादर. दोन प्लास्टिक पिशव्यांत, प्रत्येकीचं तोंड पिळून, दुमडून बांधलेलं. सॅकच्या कव्हरवर भिस्त ठेवायची नाही. पाणी पाठीवरून ओघळत पट्ट्यांच्या बाजूने आत शिरतंच.

खरी कसोटी मसाई पठारावर. जांभ्याचं लांबच लांब उघडं माळरान, आडोसा नाही, आणि पाऊस आडवा. इथेच लोकांना बसावंसं वाटतं. मी बसू देत नाही. भिजलेल्या अंगाला ऊब देतं ते फक्त चालणं; जरा रेंगाळलं की वारा ती ऊब ओढून नेतो आणि दात वाजायला लागतात. म्हणून शेंगदाणे-गूळ खिशात, चालता चालता खायचा. धुक्यात गुरांच्या वाटा फसवतात. पुढच्याची पाठ दिसेनाशी झाली की हाक घालायची, ओ येईपर्यंत वाट सोडायची नाही.

१६६० च्या आषाढात सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज याच बाजूने रात्रीत विशाळगडाकडे निघाले. बाजीप्रभूंची आठवण सगळ्यांना येते, यायलाच हवी. मला चिखलात पाय रुतला की महाराजांच्या पालखीचे भोई आठवतात. खांद्यावर दांडी, अंधार, पायाखाली निसरडं, आणि थांबायची मुभा नाही.

पठार उतरलं की कुंभारवाडी, खोतवाडी. खाचरांत भातलावणी चाललेली असते, बायका डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिकची खोळ घेऊन वाकलेल्या. बांधावरून जाताना बांध फुटणार नाही असं पाऊल टाकायचं; त्यांचं वर्षाचं पोट त्यात आहे. ओढे मात्र सावकाश. सॅकचा कमरपट्टा सोडायचा, हात धरायचे. पाणी लालभडक होऊन काटक्या-पाचोळा वाहून आणू लागलं, तर काठावर थांबायचं. इथे थंडी वाजली तरी चालेल.

मुक्काम करपेवाडीला. ओळखीच्या घरातल्या काकू ओट्यावरूनच सांगतात, "वल्ली कापडं वळचणीला टाका, आन् आत या की चुलीपाशी." दिवसभर जपलेला जोड आता अंगावर येतो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात. पाय धुऊन, पुसून, पूर्ण कोरडे करून मगच मोज्यांत घालायचे. टाचांना भेगा असतील तर आमसुलाचं तेल. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. वळचणीचे कपडे मात्र या हवेत रात्रभरात वाळत नाहीत, तशी आशाही धरू नये.

म्हणूनच या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम सकाळी असतं. तो गार, ओला शर्ट पुन्हा अंगात घालायचा आणि कोरडा जोड पिशवीत परत बांधायचा. इथे मी कुणाचं ऐकत नाही. लोक विनवतात, आज तर पांढरेपाण्यापर्यंतच काय ते चालायचं, मग खिंड आलीच, कोरडे घातले तर काय बिघडलं? पहिल्या चढालाच ओला शर्ट अंगाच्या उबेने सोसवू लागतो. पण जंगलात कुणाचा पाय मुरगळला, तो चिखलात बसला आणि कुडकुडू लागला, तर चालून ऊब आणायचा उपाय त्याच्यासाठी संपलेला असतो. त्या वेळी कुणाच्या तरी सॅकमध्ये कोरडे कपडे असावे लागतात.