दोन दिवस माउंटन व्ह्यूला

“संगणकांच्या गावी हवापालटाला? घरात आहेत तेवढे पुरेत!” सौभाग्यवतींनी माझा बेत पहिल्याच घासाला उडवून लावला.

सॅन फ्रान्सिस्कोला मुलाकडे येऊन तीन महिने झाले होते. नातवाच्या दिमतीतून दोन दिवसांची रजा मिळत होती. पण दोघांनी निवांत बोलत बसायची सवयच मोडली होती.

मी कागद पुढे ओढला. जायला कॅलट्रेन, २०२४ पासून ती विजेवर धावते. स्टेशनासमोरच कॅस्ट्रो स्ट्रीट. तिथल्या काही भागात मोटारींना मज्जाव, म्हणून सावकाश फिरावे, तिथेच जेवावे. संध्याकाळी शोरलाइनचे तळे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कचऱ्याच्या भरावावर १९८३ साली उघडलेले हे उद्यान आता पाणपक्ष्यांचे माहेर आहे.

“दुसऱ्या दिवशी संगणकांच्या इतिहासाचे संग्रहालय,” मी भीतभीत म्हणालो. “१९५९ साली आलेला आयबीएम १४०१ तिथे ठरावीक वारी चालवून दाखवतात. छिद्रांची कार्डे खातो तो!”

ती थबकली. लग्नाआधी विमा कचेरीत तिने अशीच कार्डे टोचली होती. बोटे नकळत ताटाच्या काठावर टकटकू लागली.

“वार नीट विचारून घ्या,” ती म्हणाली, “आणि तुमचा फोन घरीच ठेवा. तिथे मी सांगेन, तुम्ही ऐका.”