जिवाणी

पाणी गाळल्यावर फडक्यात जे उरतं ती जिवाणी. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ती अलगद सोडायची, हे आमच्या बेळगावकडच्या जैन घरांत मुलींना लहानपणीच कळतं.

पण आर्सेनिक दुहेरी फडक्यातूनही सरळ खाली उतरतं. ते पाण्यात विरघळलेलंच असतं. ना रंग, ना वास. बांगलादेशात तळ्याच्या पाण्याचे रोग टळावेत म्हणून गावोगाव हातपंप बसवले, आणि त्यातूनच हे विष लाखो घरांत गेलं!

2006 साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात विकी कोल्विन यांच्या गटाने एक उपाय दाखवला. मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचंच एक ऑक्साईड. त्याचे सुमारे 12 नॅनोमीटरचे कण पाण्यात मिसळायचे. तेवढ्याच वजनाचे कण जितके बारीक, तितकी चिकटायला जागा जास्त. आर्सेनिक त्यांना धरून बसतं. मग लोहचुंबक लावला की कण विषासकट एका बाजूला. इतक्या बारीक कणांना फार जोरकस चुंबक लागेल असं वाटायचं, पण हातात धरायचा साधा चुंबकही पुरतो. पुढे तर गंज आणि खायचं तेल घेऊन हे कण शेगडीवर करायची रीतही निघाली. म्हणजे काम शेवटी बायकांकडेच यायचं!

मला मात्र जिवाणी आठवते. चुंबकाला चिकटलेला तो काळा गाळ कुठे सोडायचा? विहिरीत तर नाहीच. उकिरड्यावर टाकला तर त्यातलं विष हळूहळू पुन्हा जमिनीत उतरू शकतं. तो गोळा करायला कोण येणार, हे चुंबक देणाऱ्याने त्या घरच्या बाईला आधी सांगावं.