वैनगंगेच्या काठचा जमाखर्च

जवाहरनगर म्हटले की आपल्या लोकांना आयुधनिर्माणी आठवते आणि पाळीला निघालेले कामगार आठवतात. महामार्गावरच्या या वसाहतीतून पूर्वेकडे भंडाऱ्याच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात वैनगंगा भेटते. भंडारा ओलांडून कारधा पुलावर उभे राहावे. नदी समुद्रासारखी पसरलेली दिसते. पाहुणे म्हणतात, "केवढे हे पाणी!" पण काठावरचा ढिवर बांधव तसे म्हणत नाही. त्याला ठाऊक आहे की हे पाणी वाहते नाही, अडलेले आहे.

या पाण्याचे मूळ खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्द येथे आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्या धरणाचे भूमिपूजन झाले. ३७२ कोटींचे पहिले अंदाजपत्रक पुढे हजारो कोटींवर गेले, २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सिंचनाचे उद्दिष्ट अडीच लाख हेक्टरांचे. जमेची बाजू ही अशी. खर्चाच्या बाजूला बुडालेली गावे आहेत, आणि आणखी एक गोष्ट आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते. वाहत्या नदीत थोडीफार घाण पुढे निघून जाते. साचलेल्या पाण्यात ती बसते, जलपर्णी माजते आणि जाळ्यात मासळीऐवजी तीच येते.

पुढे पवनीला जावे. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. ज्या नदीच्या आधाराने दोन हजार वर्षांपूर्वी येथे नगर वसले, तिची आजची अवस्था पाहून मन खिन्न होते.

मग धरण नको, वीज नको, असे म्हणायचे का? मुळीच नाही. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांना गती दिली. उद्योग वाढल्याशिवाय गरिबी जाणार नाही आणि स्वस्त, भरपूर विजेशिवाय उद्योग वाढणार नाही, ही त्यांची भूमिका होती. म्हणजे वीज कोणासाठी, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला होता. आपण तोच विचारला पाहिजे.

त्याचे एक उत्तर नंदुरबार जिल्ह्यातील बिलगावने दिले. उदई नदीच्या धबधब्यावर आदिवासी बांधवांनी श्रमदान केले, केरळच्या दोन अभियंत्यांनी यंत्र बसवले आणि २००३ साली १५ किलोवॅटचा प्रकल्प सुरू झाला. पाड्यांतल्या घरांत आणि जीवनशाळेत दिवे लागले. हिशेब सोपा आहे. सेकंदाला १०० लिटर पाणी १० मीटरवरून पडले तर पाच-सहा किलोवॅट वीज मिळते, आणि यंत्र फिरवून पाणी पुन्हा नदीतच जाते. गाव बुडवावे लागत नाही. पण २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने हा प्रकल्प बुडाला. छोटी वीज मोठ्या धरणाखाली गेली.

आपला भंडारा सपाट, धानाचा मुलूख. बिलगावसारखे धबधबे येथे जागोजागी नाहीत, म्हणून त्यांचे यंत्र जसेच्या तसे येथे बसणार नाही. त्यांची पद्धत मात्र बसेल: लोकांनी ठरवायचे, लोकांनी राबायचे आणि लोकांनीच सांभाळायचे. तसे येथे झालेलेही आहे. पूर्वी भंडाऱ्यातच असलेल्या, १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेलेल्या अर्जुनी मोरगाव भागात ढिवरांच्या मच्छीमार संस्थांनी 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' आणि मनीष राजनकर यांच्या सोबतीने जुने मालगुजारी तलाव जिवंत केले. बेशरमची झुडपे उपटली, तलावाचा तळ नांगरला, चिला, चौरा, देवधान अशा देशी वनस्पती लावल्या. वनस्पती आल्या तशी देशी मासळी परतली. तेथील भगिनीही या कामात पुढे आल्या. वनस्पती ओळखण्याचे ज्ञान जुन्या माणसांकडे होतेच, ते कोणी विचारले नव्हते.

कारकुनीत मी एक गोष्ट शिकलो. ज्याची नोंद वहीत नाही, त्याची रक्कम बुडते. ढिवराची मासळी, काठावरची वाडी, गुरांचे पाणी यांची नोंद कोणत्याच अंदाजपत्रकात नसते. म्हणून आपल्या युवक मंडळांनी आणि महिला मंडळांनी एवढे तरी करावे: आपल्या काठावर कोणती मासळी होती, कोणती उरली, पाणी कोणत्या महिन्यात वास मारते, हे वर्षभर वहीत लिहावे आणि ती वही ग्रामसभेत वाचून ठरावात घ्यावी. निवेदन फायलीत पडून राहते. तारीखवार नोंदीचे उत्तर मात्र साहेबांना द्यावे लागते.