झाकणाची चावी

आमच्या घरी एक जुनी मारुती व्हॅन आहे. ही गाडी भारतात आली १९८४ साली. १९८८ मध्ये तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ मध्ये ती बनणे बंद झाले. आमची १९९९ सालची, तीही सेकंडहँड घेतलेली. बाजूचा दरवाजा सरकवला की अम्मींना सहज बसता येते, एवढ्यासाठी ती अजून विकलेली नाही. अम्मींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी दारव्ह्याहून यवतमाळला न्यावे लागते. दर वेळी शाळेतून रजा मिळत नाही, म्हणून गाडी चालवायला आमचाच एक माजी विद्यार्थी ठेवला आहे. अम्मींना तो दादी म्हणतो.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. पेट्रोल भरताना टाकीचे झाकण गाडीच्या टपावर ठेवले गेले आणि तसेच वाटेत कुठेतरी पडले. चार दिवस टाकीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून काम चालवले. मग नवे झाकण घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "सर, आजकाल पेट्रोल काढून नेतात. चावीचंच घ्या." आम्हाला पटले. झाकण आट्यांवर घट्ट बसले, चावी गाडीच्या रिंगमध्ये गेली आणि विषय संपला.

संपला असे आम्हाला वाटले. महिनाभरात गाडी वाटेत बंद पडू लागली. पंधरा-वीस किलोमीटर नीट जायची, मग झटके द्यायची आणि थांबायची. मुलगा खाली उतरून झाकण उघडून पेट्रोल पाहायचा, पुन्हा लावायचा, स्टार्टर मारला की गाडी सुरू! हे तो आम्हाला प्रत्येक वेळी सांगायचा. आम्ही गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने प्लग बदलले, फिल्टर बदलला, कार्बोरेटर साफ केला, गावातून फेरी मारली. काही दोष नाही. रविवारी आम्ही स्वतः चालवून पाहिली. तरीही काही नाही. गाडी बंद पडायची ती फक्त त्याच्या हातात.

शेजारचे एक गृहस्थ सहज बोलून गेले, "झाकण तोच उघडतो ना? मग समजून घ्या." तेवढे पुरे झाले. आम्ही वहीत किलोमीटर आणि लिटर मांडू लागलो. पंचवीस वर्षांच्या गाडीचा ॲव्हरेज कमी येणारच, पण आम्हाला त्या आकड्यांत वेगळेच काही दिसू लागले. एका रात्री रिंगमधून झाकणाची चावी काढून आम्ही कपाटात ठेवली. त्याला काही विचारले नाही, काही सांगितलेही नाही.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी शाळेत असताना त्याचा फोन आला. गाडी लाडखेडजवळ बंद पडली होती. तो म्हणाला, "सर, झाकणाची चावी रिंगमध्ये नाही."

आम्ही काय उत्तर देणार? "पडली असेल" एवढेच बोललो. ते खोटे होते. रस्त्याच्या कडेला थंडीत अम्मी सव्वा तास गाडीत बसून राहिल्या. मग गाडी आपोआप सुरू झाली आणि रडतखडत यवतमाळला पोहोचली. अम्मींची पाळी निघून गेली होती, दुपारनंतरची मिळाली. घरी यायला रात्रीचे दहा वाजले. अम्मींनी तक्रार केली नाही. फक्त म्हणाल्या, "पोरानं त्याचं जॅकेट मला दिलं. स्वतः कुडकुडत उभा होता."

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा मिस्त्रीकडे नेली, या वेळी मुलालाही सोबत घेतले. मिस्त्रीने त्याला एकच प्रश्न केला, "झाकण उघडताना आवाज येतो का?"

"येतो ना. सुस्स करून हवा आत ओढल्यासारखा."

"आधी का नाही सांगितलं?"

"गाडी सर घेऊन आले होते. मला कुणी विचारलंच नाही."

मिस्त्रीने झाकण उलटे करून दाखवले. आतून साफ बंद, हवेला वाटच नाही. "सर, गाडीचा दम कोंडतोय," तो म्हणाला. "तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडतो ना आपण? एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. एकच पाडलं तर तेल गचके खात येतं. तसंच आहे हे."

आम्ही शाळेत हवेचा दाब शिकवतो. स्ट्रॉच्या वरच्या तोंडावर बोट ठेवले की पाणी खाली पडत नाही, हे दरवर्षी मुलांना करून दाखवतो. टाकीतून जेवढे पेट्रोल जाईल तेवढीच हवा आत यायला हवी. ती आली नाही तर आतला दाब कमी होत जातो आणि शेवटी पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. टाकी भरलेली असली तर वरची मोकळी जागा कमी, म्हणून हे लवकर घडते. यवतमाळला जाताना आम्ही टाकी भरून देत होतो आणि गावात थोड्या पेट्रोलवर दोन-चार किलोमीटर फिरत होतो. गाडी फक्त त्याच्या हातात बंद पडायची, त्याचे कारण एवढेच. झाकण उघडले की हवा आत जायची. न उघडता थांबले तर ती फटीफटीतून हळूहळू शिरायची, त्यालाच सव्वा तास लागला होता.

टाकीला हवेची एक वेगळी नळीही होती. मिस्त्रीने ती सोडवून तारेने साफ केली, तेव्हा आतून वाळलेली माती निघाली. पावसाळ्यात कुंभारीण माशीने तिथे घर केले होते. नळी बंद आणि झाकणही बंद.

आम्ही म्हणालो, "मग या झाकणालाच एक भोक पाडा." त्याने कानाला हात लावला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि एका ठिणगीने पेट घेते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ती भराभर तयार होते. उघड्या भोकातून वाफ बाहेर येणार, वळणावर पेट्रोल सांडणार, पावसाचे पाणी आत जाणार. चांगल्या झाकणात लहानसा व्हॉल्व्ह असतो. तो हवा आत घेतो, वाफ मात्र सहजी बाहेर सोडत नाही, आणि दाब फारच वाढला तरच उघडतो. काही गाड्यांत हे काम दुसरीकडे होते आणि झाकण बंदच असावे लागते. म्हणून आटे जुळले एवढ्यावर झाकण घेऊ नये, आपल्या गाडीचे मूळ झाकण कसे होते ते पाहून घ्यावे. आणि उन्हात तापलेल्या गाडीचे झाकण एकदम न काढता हळूहळू फिरवावे.

व्हॉल्व्हचे झाकण लावले. तेव्हापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही, अल्हम्दुलिल्लाह.

राहिली आमची गोष्ट. बदगुमानीवर आम्ही वर्गात किती वेळा बोललो असू! त्या संध्याकाळी मुलाला घरी बोलावले आणि सांगितले, "चावी पडली नव्हती. आम्हीच काढली होती. माफ कर."

तो खाली पाहत म्हणाला, "माहीत होतं सर. चावी गेली त्याच दिवशी कळलं होतं."

"मग काम सोडलं का नाहीस?"

"दादींना नेलं कुणी असतं?"

अम्मी आतून ऐकत होत्या. त्यांनी त्याला चहाला थांबवले. आम्ही कपाटातून ती चावी आणली, पण आता ती कशालाच लागत नव्हती. नव्या झाकणाला कुलूप नाही. दुसरे घ्यावे असे पुन्हा वाटले नाही.